सारख्या वजनाच्या दोन सॅक

८ सप्टेंबर
खिंडीच्या अलीकडचं शेवटचं गाव

दादा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा म्हणजे वाकणं आलं, आणि आज माझी पाठ वाकत नाहीये. उभ्याउभ्याच घे.

वर्षभर पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम ह्या गावाहून पाकीट. तुझ्या कपाळावरची उभी आठी मला इथून दिसतेय. हो, त्याच वाटेवर आलेय. एकटीच. कशाला ते विचारू नकोस. मलाही नीट माहीत नाही, आणि जेवढं माहीत आहे तेवढं सांगायला अजून धजत नाहीये.

बस सोडते तिथली मुतारी आठवते ना? गेल्या वर्षी तिला अर्धं दार होतं. आता तेही गेलं. खाली बघवेना म्हणून मी वर बघितलं, तर छताला च्युइंगमचे गोळे. पन्नास तरी असतील. एकात दातांचे ठसे इतके स्वच्छ, की तू असतास तर मान वर करून म्हणाला असतास, 'खालचा जबडा, उजवी दाढ नाही, पन्नाशीचा माणूस.' आणि मला तिथेच ओकारी आली असती. जगात इतके धंदे असताना माणसाने लोकांच्या कवळ्या का कराव्यात, हे मला अजून कळलेलं नाही. आपल्या कारखान्याचा तो वास, ओलं प्लास्टर, वितळलेलं गुलाबी मेण आणि सकाळी डब्यातून येणारी ती मापं, ज्यांना परक्यांची लाळ अजून लागलेली असते. तू ती नळाखाली धरून अंगठ्याने पुसायचास आणि त्याच हाताने मला बिस्कीट द्यायचास.

असो. मुद्द्यावर येते.

वहिनीचं पत्र तीन पत्ते फिरून गेल्या आठवड्यात मिळालं. मी एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करत होते. न्हाणीच्या जाळीतून लोकांचे केस ओढून काढायचे, ते निघतच राहतात, मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखे. तसल्याच ओल्या हातांनी पाकीट फोडलं. वहिनीने लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते, कारण तू तिला असं लिहायला सांगितलं नसणार:

'तुझा दादा सगळ्यांना सांगतो, चूक माझीच, दांड्या मी विसरलो. त्या सकाळी तंबूच्या दांड्या आपल्याच सॅकमध्ये घातल्याचं त्याला स्पष्ट आठवतंय. संध्याकाळी उघडली तर नव्हत्या, त्या तुझ्या सॅकमध्ये निघाल्या. म्हणजे जे स्पष्ट आठवतंय तेच खोटं आहे, म्हणतो. बाबांचं असंच सुरू झालं होतं, ह्याच वयात. आता गॅसचं बटण चारदा बघतो. एकेका साच्यावर तीन चिठ्ठ्या लावतो. एका आजोबांची कवळी तीन आठवडे दिली नाही, दुसऱ्याच कुणाची असेल ह्या भीतीने. आजोबा दारात बसून बोळक्या तोंडाने शिव्या देत होते, एक धड कळत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. हा म्हणतो, बाबांनाही आधी काही नाहीच म्हणाले होते. मी म्हटलं, बोटांमुळे खचलास. तर म्हणतो, अडीच बोटं गेली, साडेसात उरली, तेवढ्यात काम होतं. डोक्याचं काय? वीस तारखेला कारखाना घेणारा येतोय. सही करणार म्हणतो. तू काही बोलशील का त्याच्याशी?'

तर मी बोलतेय. विसरतात सगळेच. घाईत कुठलीही वस्तू कुठल्याही सॅकमध्ये जाऊ शकते, त्यावरून लगेच बाबांचा रोग लागला असं होत नाही. वीस तारखेला सही करू नकोस. एवढंच.

हे पत्र इथे टाकणार होते, पण पोस्ट बंद आहे. खिडकीपाशी एक कुत्रा झोपलाय, त्याच्या अंगावर माश्यांचा गालिचा. पुढच्या गावाहून टाकेन.

तुझी भिंगरी

१० सप्टेंबर
खालचा निवारा

दादा,

खरं तर कालच पुढे जायला हवं होतं. पण एका मेंढीच्या मागे गेले (ती लंगडत होती, मग कळलं ती लंगडत नव्हती, तिची चालच तशी) आणि वाट चुकले.

निवारा तसाच आहे. बाकांवर नऊ माणसं, स्टोव्हवर दोरी आणि दोरीवर अठरा मोजे. खाली सूप उकळतंय आणि वर मोजे वाळताहेत. मध्येच एक थेंब पडतो, पातेल्यात की बाहेर, कुणी बघत नाही. माझ्या शेजारी एक जण पायाचे फोड सुईने फोडतोय आणि दर फोडाला 'आहा' म्हणतोय. ह्या लोकांना घरी पलंग आहेत, नळाला पाणी आहे. तरी येतात.

इथे एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. साठीच्या पुढच्या, पायात पुरुषी बूट, सगळ्यांना अरे-तुरे करतात. त्यांनी नूडल्स खाल्ल्या, भांड्यात घोटभर पाणी ओतलं, बोटाने चारी बाजूंनी खरवडलं, गदागदा हलवलं आणि पिऊन टाकलं. सुपाच्या तवंगासकट. मी तोंड फिरवलं.

"काय गं, नवीन आहेस का?" त्या म्हणाल्या. "खरकटं पाणी इथे ओतायचं नसतं. वासाने जनावरं येतात, आणि खालचे लोक हाच ओढा पितात."

"माहीत आहे."

"मग तुझं भांडं कोरडं का?"

"मी पुसते."

"आणि पुसलेला कागद?"

"पिशवीत ठेवते."

"म्हणजे ओझं वाढवतेस. पोटात गेलं असतं तर वाटेत जिरलं असतं." आणि ढेकर दिली. दादा, अगदी तू. तुझंच वाक्य, तुझीच ढेकर, फक्त साडेचार फुटांची.

गेल्या वर्षीच्या त्या सकाळी तू हेच केलंस. चौदावा दिवस होता. माझ्या भांड्यात काल रात्रीचं सूप, सकाळचे ओट्स आणि तुझ्या चमच्यावरचा काळा डाग, सगळं एकत्र. तू पाणी ओतलंस, हलवलंस आणि माझ्यापुढे धरलंस. चौदा दिवस मी नाक दाबून पीत आले होते. त्या दिवशी घोट खाली जाईना. तू म्हणालास, "पी. कारखान्यात बसायचं तर आधी किळस मरायला हवी. आपला धंदाच तोंडातला आहे." मी म्हटलं, "कोण बसतंय कारखान्यात?" तू म्हणालास, "तू. खाली उतरलो की एक तारखेपासून. मी वहिनीला सांगूनही ठेवलंय." मी ते पाणी तुझ्या बुटांवर ओतलं. मग तुझं ते भाषण, दोनदा कॉलेज सोडलंस, चार नोकऱ्या सोडल्यास, भिंगरीलाही थांबायला जमीन लागते. मी म्हटलं, "मी पुढे जाते. मी आज निवाऱ्यात झोपणार. तू झोप तुझ्या तंबूत."

एवढंच झालं. भाऊ-बहिणीत होतं. त्या गडबडीत दांड्या चुकून माझ्याकडे राहिल्या असतील. कुणाची चूक ते शोधण्यात अर्थ नाही. तू खिंडीच्या अलीकडे माळावर थांबलास, मी खिंडीपलीकडच्या निवाऱ्यात पोचले, आणि हवा फिरली. हवा आपण कुणीच फिरवली नव्हती.

बाई विचारताहेत, कुणाला एवढं लिहितेस? म्हटलं, भावाला. म्हणाल्या, "उधार मागायचं असेल तर थोडक्यात लिही."

भिंगरी

११ सप्टेंबर
वरचा निवारा, संध्याकाळ

दादा,

आज तो दिवस चालले. तोच टप्पा. बाईंच्या बरोबर निघाले, पण त्या पुढे गेल्या. त्या शेळीसारख्या चढतात, आणि मी थांबत थांबत, प्रत्येक दगडाला कारण काढून.

आपण तंबू ठोकला होता तो मोठा कातळ आधी लागला. त्याच्या आडोशाला आता किमान दहा माणसं बसून गेलेली दिसतात. सांगतेय ते कळलं असेलच. कागद दगडाखाली दाबलाय, दगड लहान, कागद मोठा. एकाने तर वर काठीही रोवलीय, झेंड्यासारखी. तुला आठवतंय, तू अशा जागी चिडायचास आणि दुसऱ्यांचंही उचलायचास. आपल्या दोघांची एक कचऱ्याची पिशवी होती, काळी, जाड. तिच्यात सगळं: पाकिटं, पुसलेले कागद, आणि ते कागदही. वाटेवर काही सोडायचं नाही म्हणून. ती पिशवी माझ्या सॅकमध्ये असायची. तुझा नियम. तंबूचं कापड आणि दांड्या तुझ्याकडे, स्टोव्ह, भांडी आणि पिशवी माझ्याकडे, आणि रोज सकाळी तू दोन्ही सॅक स्वतः भरून त्या हूकच्या वजनकाट्याला टांगायचास. आकडा सारखा यायलाच हवा. धाकटीला जास्त नको आणि कमीही नको.

चौदा दिवसांत ती पिशवी पाठीमागे मऊ व्हायला लागली होती, दादा. उन्हात ती गरम व्हायची. मला ती माझ्या कण्याला लागलेली जाणवायची, आणि तिच्यात निम्मं तुझं होतं.

मी लिहीत होते की दांड्या चुकून माझ्याकडे आल्या. चुकून नाही.

भांडण झाल्यावर तू ओढ्यावर बूट धुवायला गेलास. सॅक दोन्ही भरलेल्या, बंद, कातळाला टेकलेल्या. मी माझी उघडली, ती पिशवी दोन बोटांनी बाहेर काढली आणि तुझ्या सॅकमध्ये कोंबली. घे तुझं. बसेना. कापडाच्या शेजारी दांड्या आडव्या होत्या, त्यांच्यामुळे जागा नव्हती. म्हणून दांड्या ओढून काढल्या, पिशवी घातली आणि दांड्या माझ्या सॅकमध्ये टाकल्या. दोन मिनिटांचं काम. रागाच्या भरात माणूस कुठली वस्तू कुठे जाते ते बघत नाही.

मग तू ओले बूट घेऊन आलास, आणि सवयीने दोन्ही सॅक पुन्हा काट्याला लावल्यास. माझी लावलीस, आकडा बघितलास. तुझी लावलीस. मी काट्याकडे बघत होते. आकडा तोच! चौदा दिवसांचा आपला कचरा आणि तंबूच्या दांड्या, दोन्हींचं वजन जवळजवळ एकच होतं. तू समाधानाने मान हलवलीस. मला हसू आलं. तुला वाटलं मी निवळलेय, आणि तूही हसलास.

म्हणजे तुझा काटा बरोबर होता. तूही बरोबर होतास. तुला स्पष्ट आठवतंय ते खरं आहे. पिशवी तुझ्याकडे निघाली तेव्हाही तू धरून चाललास, की सॅक भरताना अदलाबदल तूच केलीस.

हे लिहायला मला एक वर्ष आणि दोन खोटी पत्रं लागली. ती फाडली नाहीत. ह्याच पाकिटात घालतेय, तू बघ मी कशी लिहिते ते.

नंतरचं तुला माहीत आहे. मी भराभर चालले, तू गुडघ्यांमुळे मागे. दुपारी ओढा लागतो तिथे मी थांबले नाही. खिंड ओलांडून निवाऱ्यात आले, झोपले, सकाळी सॅक उघडली आणि दांड्या दिसल्या. तेव्हा कळलं. मग राखणदार आणि आणखी दोघं तुला शोधायला निघाले.

आज निवाऱ्यात तोच राखणदार आहे. त्याने मला ओळखलं नाही. दाढीत सुपातली शेवई अडकलेली, ती त्याने जिभेने शोधली आणि खाल्ली.

भिंगरी

१२ सप्टेंबर, सकाळ
वरचा निवारा

दादा,

काल रात्रीपर्यंत मी ठरवलं होतं, एवढं पुरे. वर लिहिलंय त्यात तुझं डोकं निर्दोष सुटतं आणि मीही निम्मी सुटते. रागात सॅकमधलं सामान बदललं, विसरून गेले. धाकटी आहे, वेडी आहे. तू दोन दिवस चिडशील आणि मग वहिनीला म्हणशील, 'लहान आहे गं.' ते वाक्य मला ऐकू आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

दुपारच्या ओढ्यापाशी मी थांबले होते.

बिस्किटं काढायला सॅक उघडली आणि दांड्या माझ्या पायावर पडल्या. भर दुपारी. खिंडीवरचं आभाळ तेव्हाच काळंनिळं झालं होतं, जुन्या जखमेसारखं. तू एक तास मागे होतास. मी तिथे नुसती बसून राहिले असते तरी पुरलं असतं. तू आला असतास, दांड्या घेतल्या असत्यास, दोन शब्द बोलला असतास. मी बसलेही. सात बिस्किटं खाल्ली. तू माळावर थांबणार हे मला ठाऊक होतं, कारण तू एकदा बोललास की बोललास. संध्याकाळी तू सॅक उघडशील, दांड्यांसाठी हात घालशील आणि हाताला ती पिशवी लागेल, असं चित्र मनात आलं. मला ते चित्र आवडलं. उठले आणि निघाले. थंडीत मरशील असं मनात आलं नव्हतं, हे खरं. पण एक रात्र कुडकुडावंस, ओलं व्हावंस, तुला किळस यावी, हे मला हवं होतं.

ह्याच्यापुढचं लिहायला आज सकाळपासून तीनदा उठले. एकदा मोजे वाळलेत का बघितले. माझे नव्हतेच ते.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला राखणदार विचारतो, मागे कुणी आहे का, आणि त्याच्याजवळ काय आहे. मग वहीत लिहितो. हवा बिघडली तर कुणासाठी बाहेर पडायचं आणि कुणासाठी नाही, ते तो त्या वहीवरून ठरवतो. आज सकाळी मी गेल्या वर्षीची वही मागितली.

"कशाला?"

"माझं नाव बघायचंय."

"नाव मी लिहीत नाही. ओळी लिहितो." त्याने फळीवरून वही ओढली, थुंकी लावून पानं उलटली आणि माझ्यापुढे धरली. त्या दिवसाच्या तारखेखाली: 'संध्याकाळी पाच चाळीस. मुलगी एकटी. मागे भाऊ, माळावर. तंबू आहे. कापड, दांड्या दोन्ही विचारले. हो म्हणाली.'

पाच चाळीसला बर्फाचे खडे पत्र्यावर वाजायला लागले होते. दांड्या माझ्या सॅकमध्ये होत्या आणि सॅक त्याच्या डोक्यामागच्या खुंटीला होती. त्याने दोनदा विचारलं होतं, दादा. "नुसतं कापड नाही ना? दांड्या आहेत?" मी नाही म्हटलं असतं तर तो तेव्हाच निघाला असता, उजेड होता. पण मग सगळ्यांपुढे सांगावं लागलं असतं, दांड्या कुठे आहेत आणि त्यांच्या जागी काय ठेवलंय. नऊ-दहा माणसं सूप पीत बसली होती. मला लाज वाटली. पिशवीची लाज. म्हणून हो म्हटलं, आणि सूप घेतलं.

सकाळी मी दांड्या आत्ताच दिसल्याचं सोंग केलं, आणि ते तुला घेऊन आले तेव्हा तुझा डावा हात डोक्यावर तसाच होता. रात्रभर तू त्या हाताने कापड वर धरलं होतंस, दांडीच्या जागी. मला बघून तू पहिलं वाक्य काय बोललास? "अगं, दांड्या मी विसरलो वाटतं." तेव्हा सांगायला हवं होतं. मी दवाखान्यातून पळाले. तुला वाटलं तुझी बोटं बघवली नाहीत म्हणून. वहिनीलाही तेच वाटतंय, तिने लिहिलंय, 'तुझं मन हळवं आहे.' दादा, बोटं बघवत होती. तुझं ते 'वाटतं' ऐकवत नव्हतं.

राखणदार म्हणाला, "झालं का बघून?"

मी म्हटलं, "ही मुलगी मीच. खोटं बोलले होते."

त्याने वही आपल्याकडे ओढली. "भाऊ आहे का?"

"आहे."

"कळलंय त्याला?"

"आज लिहितेय."

त्याने पेन्सिल उचलली, त्या ओळीपुढे काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मला दाखवलं नाही. मग चहा दिला, पण कप माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला आणि बाहेर गेला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला चांगलं ओळखू येतं. मुताऱ्यांत, न्हाण्यांत, मोज्यांकडे बघताना ते माझ्याच तोंडावर असतं.

बाई आज खाली उतरताहेत, तुमच्या बाजूला. "पोस्टाने पाच दिवस लागतील," म्हणाल्या, "त्यापेक्षा मी हातीच देते, माझी गाडी तुमच्याच शहरातून जाते." चौदा-पंधराला तुझ्याकडे पोचतील. त्यांना आत काय आहे ते माहीत नाही. घरी आल्या की त्यांना बसव.

आता कामाचं. मला माहीत आहे तू हे वाचून काय म्हणशील. म्हणशील, मला बरं वाटावं म्हणून पोरगी आळ स्वतःवर घेतेय. राखणदाराची ओळही तुला पुरणार नाही, म्हणशील, तिला बिचारीला माहीतच नव्हतं. तू असलाच आहेस. म्हणून ऐक. दांड्यांना निळी खोळ होती. ती ओली होती, म्हणून सामान बदलताना मी दांड्या खोळीतून उपसून काढल्या आणि खोळ तुझ्याच सॅकमध्ये, पाठीला लागते त्या फळीमागच्या चपट्या खिशात खुपसली. तू तो खिसा कधीच वापरला नाहीस, म्हणायचास, तिथे ठेवलेलं पाठीला टोचतं. शोधपथकाने दांड्या माझ्याकडून उघड्या घेतल्या. खोळीचं कुणीच विचारलं नाही. तू विचारलं नाहीस, कारण तू तेव्हापासून स्वतःलाच विचारत बसलायस.

वहिनीने लिहिलंय, सॅक माळ्यावर आहे, तू कुणाला हात लावू देत नाहीस. आज काढ. वहिनीला समोर उभी कर आणि तिच्यादेखत हात घाल. तुला बुरशी लागेल, वास येईल.

माझ्याबद्दल नंतर काय करायचं ते कर. घरी ये म्हणू नकोस लगेच. लगेच म्हणालास तर मी येईन, आणि मग हे सगळं आपण पुन्हा झाकून टाकू. मी इथेच आहे. राखणदाराला वरचे संडास उपसायला माणूस हवंय, कुणी टिकत नाही. मी विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

वीस तारखेला तो माणूस आला तर त्याला चहा पाज आणि परत पाठव. आजोबांची कवळी देऊन टाक, ती त्यांचीच आहे.

तुझं डोकं शाबूत आहे, दादा. दोन्ही सॅक तू बरोबर भरल्या होत्यास. उघडल्या मी.